वाचकांचे प्रश्न : एआर-१५ रायफलसाठी बोल्ट कॅरियर ग्रुप निवडताना

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो आणि ग्रीन कार्डधारक आहे. नेमबाजीच्या सरावासाठी स्वतः भाग जमवून एआर-१५ पद्धतीची रायफल जुळवत आहे. ५.५६ चेंबरची १६ इंची बॅरल, मिड-लेंथ (मध्यम लांबीची) गॅस यंत्रणा, अप्पर आणि लोअर म्हणजे सांगाड्याचे वरचे व खालचे अर्ध, कॅरियरचा धक्का झेलणारा बफर असे सगळे आणून झाले, पण बोल्ट कॅरियर ग्रुपवर येऊन अडलो आहे. शंभर डॉलरच्या आतही मिळतो आणि तीनशेलाही मिळतो. एक विक्रेता सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचे गुण गातो, दुसरा निकेल बोरॉन घ्या म्हणतो, तिसरा म्हणतो की साधा काळा फॉस्फेटवालाच बरा. यातले नेमके काय पाहून घ्यावे?

उत्तर : बोल्ट कॅरियर ग्रुप म्हणजे काडतूस जिथे बसते ते चेंबर मागून बंद करणारा बोल्ट, त्याला पुढेमागे नेणारा कॅरियर आणि त्यांचे जोडभाग. आपल्या प्रश्नात तीन विक्रेत्यांची तीन मते आली आहेत आणि तिन्ही मुलाम्याबद्दलची आहेत. बोल्ट कोणत्या पोलादाचा आहे, त्याला पाणी कसे दिले आहे, त्याची तपासणी झाली आहे का आणि गॅस की नीट जखडली आहे का, याबद्दल तिघांपैकी कोणीच काही बोललेले दिसत नाही. आमच्या मते खरेदीचा क्रम नेमका उलटा असावा. आधी बोल्ट, मग गॅस की, मग कॅरियरची आतली बाजू, आणि मुलाम्याचा विचार सगळ्यांत शेवटी.

असे का, हे या भागाचे काम पाहिल्यावर कळते. बंदूक रचनाकार युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत असताना ही रचना तयार केली आणि तिचे अमेरिकी पेटंट १९६० साली मंजूर झाले. गोळी बॅरलमधून पुढे जात असताना तिच्यामागचा थोडा वायू बॅरलच्या छिद्रातून वर निघतो, बारीक नळीतून मागे येतो आणि कॅरियरच्या माथ्यावरील गॅस कीमधून कॅरियरच्या पोटात शिरतो. तिथे बोल्टचा मागचा भाग दट्ट्याचे काम करतो आणि कॅरियर सिलिंडरचे. बोल्टवर बसवलेल्या तीन कड्या वायू अडवून धरतात, त्यामुळे कॅरियर मागे ढकलला जातो. तो मागे सरकू लागला की त्याच्या तिरप्या खाचेत बसलेली कॅम पिन बोल्टला फिरवते, बोल्टचे सात दाते बॅरलच्या मागच्या टोकाला जोडलेल्या बॅरल एक्स्टेन्शनमधील दात्यांपासून सुटतात, आणि काम झालेला वायू कॅरियरच्या उजव्या बाजूच्या दोन छिद्रांतून बाहेर पडतो. या रचनेला सर्रास ‘डायरेक्ट इम्पिंजमेंट’ म्हणतात. प्रत्यक्षात वायू कॅरियरवर नुसता आदळत नाही, तो आत प्रसरण पावून दट्ट्यासारखे काम करतो, आणि आपली रचना नेहमीच्या आदळणाऱ्या वायूच्या यंत्रणेपेक्षा वेगळी आहे असे स्टोनर यांनी पेटंटमध्येच नमूद केले होते.

गोळी सुटते त्या क्षणी काडतुसातला दाब, ५.५६ च्या जवळजवळ सारख्याच आकाराच्या .२२३ रेमिंग्टन काडतुसाच्या मानकानुसार, चौरस इंचाला ५५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तो सगळा भार त्या सात लहान दात्यांवर येतो. आठव्या दात्याच्या जागी रिकामी पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर बसलेला असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंच्या दात्यांना भार विषम मिळतो आणि तडा बहुधा तिथेच जातो. बोल्ट तुटण्याची दुसरी ठरलेली जागा म्हणजे कॅम पिनचे आरपार छिद्र, कारण तिथे धातू मुळातच कमी उरलेला असतो. म्हणून बोल्टचे पोलाद वरून कडक आणि आतून चिवट असावे लागते. नुसते कडक पोलाद ठिसूळ होते आणि नुसते चिवट पोलाद झिजते.

अमेरिकी सैन्याच्या मानकात या बोल्टसाठी कारपेंटर १५८ हे पोलाद सांगितले आहे. ते कारपेंटर कंपनीचे स्वतःचे मिश्र पोलाद असून त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून कवच कडक करतात आणि गाभा चिवट ठेवतात. दुसरा चांगला पर्याय ९३१० पोलादाचा. विमानांच्या गिअरमध्ये वापरले जाणारे हे पोलाद कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही, त्यामुळे ते सहज मिळते. ९३१० हे १५८ पेक्षा सरस, असे ठासून सांगणाऱ्या जाहिराती बऱ्याच दिसतात. त्यांत अर्धेच तथ्य आहे. ९३१० ला नेमके पाणी दिले तर त्याचा बोल्ट उत्तम होतो, पण पाणी देण्यात हयगय झाली तर पोलादाच्या नावाचा काही उपयोग राहत नाही. १५८ च्या बाबतीत सैन्याच्या मानकात प्रक्रिया बरीच बांधून दिलेली आहे आणि अनेक दशकांचा वापर तिच्या पाठीशी आहे. दोन्ही सारख्या किमतीला मिळत असतील आणि कारखान्याची विशेष माहिती नसेल, तर आम्ही १५८ चा बोल्ट घेण्यास सांगू. खात्रीच्या कारखान्याचा ९३१० चा बोल्ट असेल तर तो नाकारण्याचे कारण नाही. जिथे पोलादाचे नावच लिहिलेले नाही आणि विचारूनही सांगत नाहीत, तो बोल्ट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. कॅरियरसाठी मात्र ८६२० पोलाद सर्रास वापरतात आणि ते पुरेसे आहे, कारण कॅरियरवर बोल्टइतका भार येत नाही.

आता तपासणीबद्दल. बोल्टवर ‘एमपी’ किंवा ‘एमपीआय’ अशी बारीक अक्षरे कोरलेली दिसतील. त्याचा अर्थ चुंबकीय कणांनी केलेली तपासणी. बोल्टला चुंबकत्व देतात, त्यावर चमकणाऱ्या रंगाचे लोहकण मिसळलेला द्रव सोडतात आणि अतिनील प्रकाशात पाहतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भेग असेल तर कण तिच्या कडेला गोळा होतात आणि तिथे एक उजळ रेघ दिसते. ‘एचपीटी’ ही अक्षरे असतील तर नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त दाबाचे, सुमारे ७०,००० पौंडांचे, चाचणीचे काडतूस त्या बोल्टवर उडवून पाहिलेले असते. या दोहोंचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जास्त दाबाचे काडतूस उडवावे आणि मग भेगा शोधाव्या, कारण त्या काडतुसाने एखादी दडलेली भेग उघडली असेल तर ती नंतरच्याच तपासणीत सापडणार.

येथे आपण विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा. ही तपासणी प्रत्येक बोल्टची होते की एका खेपेतून उचललेल्या नमुन्यांची? कोरलेली अक्षरे दोन्ही प्रकारांत सारखीच दिसतात. प्रत्येक बोल्ट तपासणारे कारखाने हे आवर्जून सांगतात, आणि जिथे उत्तर गोलमोल येते तिथे नमुन्यांचीच तपासणी होते असे धरून चालावे. काही उत्पादक जास्त दाबाचे काडतूस मुद्दाम उडवत नाहीत. त्यामुळे चांगल्या बोल्टच्या आयुष्याला विनाकारण कात्री लागते, असे त्यांचे म्हणणे असते. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, पण ते मानायचे असेल तर त्या उत्पादकाचे पाणी देणे आणि चुंबकीय तपासणी या दोन्ही गोष्टी निर्विवाद असायला हव्यात. बोल्टच्या पृष्ठभागावर बारीक छर्ऱ्यांचा मारा करून तो घट्ट केला आहे का, हेही विचारावे. या प्रक्रियेने भेग सुरू होण्याची शक्यता कमी होते आणि सैन्याच्या मानकात ती सांगितलेली आहे.

यानंतर गॅस की. ही कॅरियरच्या माथ्यावर दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि प्रत्येक गोळीला गरम वायूचा झोत पहिल्यांदा हिच्यातून जातो. स्क्रू किंचित जरी सैल झाले तरी वायू कीच्या खालून निसटतो, कॅरियरला पुरेसा धक्का मिळत नाही आणि रायफल मध्येच अडकते. म्हणून स्क्रू आवळल्यानंतर कीच्या कडेचा धातू पंचाने ठोकून स्क्रूच्या डोक्यावर दाबलेला असला पाहिजे. भाग हातात घेऊन उजेडात धरावा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यालगत, शक्यतो दोन ठिकाणी, धातू ठसठशीत सरकलेला आणि डोक्याच्या खाचऱ्यांत शिरलेला दिसला पाहिजे. अनेक स्वस्त भागांत फक्त पृष्ठभागावर नखाएवढा ओरखडा असतो आणि धातू स्क्रूपर्यंत पोहोचलेलाच नसतो. तो ठोकलेला आहे असे विक्रेता म्हणाला तरी ते काम झालेले नाही. आम्ही स्वतः या एका खुणेवरून कारखान्याची शिस्त ओळखतो. जो इथे काटकसर करतो, तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी अधिक करत असणार.

कॅरियरची आतली बाजू आणि गॅस कीचा आतला भाग क्रोमने मढवलेला असावा. बोल्टच्या कड्या त्याच पृष्ठभागावर पुढेमागे घासतात, काजळी तिथेच साठते आणि क्रोममुळे ती निघतेही लवकर. बोल्ट कॅरियरमध्ये घालून हाताने पुढेमागे केला तर थोडा विरोध जाणवला पाहिजे, पण कुठे खरखरता कामा नये. एक्स्ट्रॅक्टरखालची स्प्रिंग, तिच्यातला काळ्या रबराचा लहान तुकडा आणि काही भागांत सोबत येणारी रबरी कडी यांकडेही पाहावे. हे भाग काही डॉलरचे आहेत, पण स्प्रिंग कमजोर निघाली तर पुंगळी चेंबरमध्येच राहते आणि महागड्या बोल्टचे सगळे गुण वाया जातात.

आता मुलामा, कारण मूळ प्रश्न त्याचाच होता. मँगनीज फॉस्फेट खरखरीत असतो, तेल धरून ठेवतो, गंजापासून बऱ्यापैकी वाचवतो आणि स्वस्त असतो. त्याचा एकच त्रास म्हणजे काजळी घासून काढावी लागते. निकेल बोरॉन गुळगुळीत असतो आणि फडक्याने लवकर पुसला जातो, मात्र वापराने डागाळतो, आणि काम नीट झालेले नसेल तर त्याचे पापुद्रे निघतात. टायटॅनियम नायट्राइड आणि डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा मुलामा) हे अतिशय पातळ, अतिशय कडक थर आहेत. ते टिकतात, पण त्यांच्या किमतीत दिसण्याचा वाटा बराच असतो. नायट्राइड हा वेगळा प्रकार आहे. तो वरून चढवलेला थर नसून पोलादाच्या पृष्ठभागातच केलेला बदल असतो, त्यामुळे तो सोलून निघण्याचा प्रश्नच येत नाही. कॅरियरसाठी तो आम्हाला फार पसंत आहे.

बोल्टच्या बाबतीत मात्र नायट्राइडबद्दल एक शंका मनात ठेवावी. ही प्रक्रिया सहसा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर होते, तर कार्बन मुरवून कडक केलेल्या पोलादाला शेवटचे पाणी त्यापेक्षा पुष्कळ कमी तापमानावर दिलेले असते. आधीच कडक केलेला बोल्ट पुन्हा एवढा तापवला की वरची कातडी कडक दिसते, पण तिच्याखालचे कवच मऊ पडू शकते. कारखान्याने पोलाद आणि प्रक्रिया या दोहोंचा मेळ घालून बोल्ट बनवला असेल तर हरकत नाही. पण नायट्राइड केलेला बोल्ट कोणत्या पोलादाचा आहे, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. फॉस्फेटच्या बोल्टसोबत नायट्राइडचा कॅरियर विकणारे कारखाने आहेत, आणि ही जोडी समजूतदारपणाची आहे.

वजनाविषयी थोडक्यात. ‘फुल-ऑटो कॅरियर’ हे नाव ऐकून बिचकू नये. त्याचा अर्थ मागचा भाग पूर्ण ठेवलेला, थोडा जड कॅरियर. अर्ध-स्वयंचलित रायफलमध्ये तो बसवल्याने ती स्वयंचलित होत नाही. रायफलला स्वयंचलित करणे हा वेगळा आणि गंभीर संघीय गुन्हा आहे, १९८६ च्या कायद्याने सामान्य नागरिकाला नवी मशीनगन बाळगण्यास मनाई आहे. जडपणाचा फायदा असा की कॅरियर सावकाश आणि ठाम हलतो आणि बोल्ट थोडा उशिरा सुटतो. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमचे हलके कॅरियर स्पर्धेसाठी असतात. त्यांच्याबरोबर वायू कमीजास्त करता येणारा गॅस ब्लॉक (बॅरलमधला वायू नळीत वळवणारा भाग) आणि हलका बफर लागतो, आणि काजळी धरलेल्या, गारठलेल्या रायफलमध्ये ते लवकर अडखळतात. पहिल्याच रायफलला हलका कॅरियर घालण्याच्या आम्ही विरोधात आहोत.

तेव्हा आपल्या १६ इंची, मिड-लेंथ रायफलसाठी आमची शिफारस अशी : कारपेंटर १५८ चा, स्वतंत्रपणे तपासलेला बोल्ट, पूर्ण वजनाचा ८६२० चा क्रोम-अस्तराचा कॅरियर, नीट ठोकलेली गॅस की, आणि बाहेरून फॉस्फेट किंवा नायट्राइड. आपल्या अप्परला फॉरवर्ड असिस्ट (बोल्ट हाताने पुढे ढकलण्याचे बटण) असेल तर कॅरियरच्या उजव्या कडेला त्याच्या खाचा आहेत, एवढे पाहून घ्यावे. असा ग्रुप आपण सांगितलेल्या किमतींच्या मधल्या टप्प्यात मिळतो. उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर खर्च करावेत.

प्रश्न : माझा मुलगा एच-१बी व्हिसावर अमेरिकेत आहे. त्याचा मित्र त्याला बोल्ट कॅरियर ग्रुप घेऊन देतो आहे, कारण त्यावर नंबर नसतो आणि तो बंदूक मानला जात नाही. सुट्टीत भारतात येताना असा एखादा भाग सोबत आणता येईल का?

उत्तर : आणू नये, आणि मुलाला हे आजच कळवावे. अमेरिकी संघीय कायद्यात एआर-१५ चा लोअर रिसीव्हर हाच बंदूक मानला जातो आणि क्रमांक त्याच्यावर असतो, हे मित्राचे म्हणणे बरोबर आहे. पण एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघीय कायद्याने सामान्यतः बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत, आणि त्यांचा आधार घ्यायचा असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रीन कार्डधारकाची गोष्ट वेगळी, त्याला ही बंदी लागू होत नाही. याशिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांचे नियम संघीय कायद्याहून बरेच कडक आहेत.

भारतात आणण्याबद्दल तर दोन्ही टोकांना अडचण आहे. अमेरिकेतून बंदुकीचे भाग परवान्याशिवाय देशाबाहेर नेणे हा तिथे गुन्हा ठरू शकतो, आणि भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग येतात. बॅगेत तळाशी राहून गेलेला एखादा बोल्टसुद्धा विमानतळावर अटकेचे कारण होऊ शकतो. सरावाची बॅग आणि प्रवासाची बॅग कधीही एक ठेवू नये.

प्रश्न : माझ्याकडे ५.५६ ची रायफल आहे. तोच बोल्ट कॅरियर ग्रुप .३०० ब्लॅकआउट आणि ६.५ ग्रेंडेल या काडतुसांच्या अप्परमध्ये फिरवून वापरता येईल का? पैसे वाचतील.

उत्तर : कॅरियर फिरवता येईल, बोल्ट मात्र सरसकट नाही. .३०० ब्लॅकआउटची पुंगळी .२२३ च्या पुंगळीवरूनच तयार झालेली असल्याने तिचा तळ तेवढाच असतो आणि बोल्टचा प्रकार एकच चालतो. ६.५ ग्रेंडेलच्या पुंगळीचा तळ रुंद असतो, त्यासाठी तोंड मोठे असलेला वेगळा बोल्ट लागतो. ६.८ एसपीसीचा बोल्ट आणखी वेगळा, आणि .२२४ व्हॅल्कीरी हे काडतूस त्याच बोल्टवर चालते. तोंड मोठे केले की दात्यांभोवतीचा धातू कमी उरतो, आणि ग्रेंडेलच्या दाबाची मर्यादा .२२३ पेक्षा कमी, ५२,००० पौंड, ठेवली आहे. तेव्हा ग्रेंडेलच्या बोल्टच्या दर्जात तडजोड करू नये.

बोल्टचा प्रकार एक असला तरी तोच बोल्ट दोन बॅरलमध्ये अदलाबदल करत राहणे आम्हाला पटत नाही. बोल्टचे दाते आणि बॅरल एक्स्टेन्शनचे दाते एकमेकांशी घासून जुळतात. दुसऱ्या बॅरलमध्ये घातल्यावर बंद बोल्टचे तोंड आणि चेंबर यांमधले अंतर, म्हणजे हेडस्पेस, ठरल्या मर्यादेत राहील याची खात्री नसते. नवा बोल्ट घ्या किंवा जुनी बॅरल घ्या, हेडस्पेस गेजने (चेंबरमध्ये घालायच्या काडतुसाच्या आकाराच्या मापाने) तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. त्यासाठी आधी रायफल रिकामी करून चेंबर डोळ्यांनी पाहावे, मग बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढावेत, कारण ते राहिले तर गेज नीट बसत नाही. ‘गो’ गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ‘नो-गो’वर बंद होता कामा नये. त्याहून मोठ्या ‘फील्ड’ गेजवरही बोल्ट बंद होत असेल तर ती जोडी वापरातून काढावी. गेज नसतील तर जवळच्या बंदूक कारागिराकडे जावे, हे काम त्याच्या रोजच्या हातातले असते.

आणि ५.५६ व .३०० ब्लॅकआउट एकाच घरात असतील तर मॅगझिन वेगवेगळ्या रंगांची ठेवावीत. दोन्ही काडतुसे एकाच मॅगझिनमध्ये बसतात, आणि .३०० चे काडतूस काही वेळा ५.५६ च्या चेंबरमध्ये शिरते. तसे झाल्यावर घोडा ओढला तर रायफल फुटते. ही भीती पोकळ नाही, अशा फुटलेल्या रायफलींची छायाचित्रे कारागीर इशारा म्हणून दाखवतात.

प्रश्न : चांगल्या कंपनीचा नवा बोल्ट कॅरियर ग्रुप बसवला. रिकामी पुंगळी बाहेर पडते, पण पुष्कळदा पुढची गोळी वर येत नाही, आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहत नाही. ग्रुप सदोष आहे असे समजून परत करू का?

उत्तर : परत करण्याआधी थोडे थांबावे. आपण सांगितलेल्या दोन्ही खुणा एकच गोष्ट दाखवतात : कॅरियर पुरेसा मागे जात नाही. हे त्याच्यातल्या दोषामुळे होऊ शकते, पण त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वायूमुळे, त्याच्यामागच्या बफरमुळे किंवा काडतुसांमुळेही होऊ शकते. एखादा भाग निर्दोष असूनही सगळी यंत्रणा बिघडू शकते, याचे सर्वांत कडू उदाहरण व्हिएतनाममधील पहिल्या एम-१६ (एआर-१५ ची लष्करी आवृत्ती) रायफलींचे आहे. मूळ चाचण्या ज्या दारूवर झाल्या होत्या ती बदलून वेगळ्या प्रकारची बॉल पावडर काडतुसांत आली, तिने रायफलीची गती वाढवली आणि काजळीही वाढवली. चेंबरला क्रोम नव्हते, आणि सैनिकांना साफसफाईचे साहित्य व प्रशिक्षण दोन्ही अपुरे मिळाले. रायफली अडकल्या आणि त्यात सैनिकांचे जीव गेले. १९६७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आले, बफर बदलला, सफाईचे साहित्य आणि प्रशिक्षण आले, आणि मूळ रचना तीच राहून ती रायफल भरवशाची झाली.

आपल्या रायफलीत आधी ग्रुप तपासावा, कारण ते सोपे आहे. बोल्ट पूर्ण पुढे ओढून कॅरियर बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा करावा. कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली घसरला तर कड्या झिजलेल्या आहेत. नव्या ग्रुपमध्ये हे सहसा होत नाही. कड्यांच्या फटी एका रेषेत आल्या की वायू गळतो, अशी समजूत आहे. तिच्यापायी कड्या फिरवत बसण्याची गरज नाही. मग गॅस कीच्या स्क्रूंभोवती आणि कीच्या बुडाशी काजळीचे ताजे फटकारे उमटले आहेत का, ते पाहावे. असतील तर वायू तिथून गळतो आहे आणि ग्रुप नक्की परत करावा.

तिथे काही सापडले नाही तर तेल पाहावे. अनेक नवे ग्रुप कारखान्यातून जवळजवळ कोरडे येतात, आणि ही यंत्रणा ओली चालते. बोल्टच्या कड्या, कॅम पिन आणि कॅरियरच्या खालच्या घसरपट्ट्या यांवर सढळ हाताने तेल द्यावे, मात्र चेंबर आणि बोल्टचे तोंड कोरडे ठेवावे. तरीही तेच होत असेल तर थोड्या तेज काडतुसांनी पाहावे, बफर गरजेपेक्षा जड तर नाही ना ते पाहावे, आणि शेवटी गॅस ब्लॉक. गॅस ब्लॉकचे छिद्र बॅरलच्या छिद्रासमोर नेमके येत नाही, हे घरी जुळवलेल्या रायफलींमध्ये वारंवार आढळते, आणि ब्लॉक हँडगार्डखाली असल्याने तो सर्वांत शेवटी आठवतो. याउलट, पुंगळी जोराने पुढच्या दिशेला फेकली जात असेल आणि तिच्या काठावर ओरबाडल्याच्या खुणा असतील, तर वायू जास्त होतो आहे. तिथे जड बफर किंवा पूर्ण वजनाचा कॅरियर उपयोगी पडतो.

हे सगळे करताना ग्रुप उघडावा लागेल, म्हणून एक सूचना जिचे पालन आपण अक्षरशः करावे. मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याचे डोळ्यांनी आणि बोटाने तपासूनच काम सुरू करावे, आणि परत जोडताना कॅम पिन बसवली आहे हे प्रत्येक वेळी पाहावे. कॅम पिनशिवायही ग्रुप रायफलीत बसतो आणि गोळी उडू शकते, पण बोल्ट फिरून जखडला गेलेला नसल्याने पहिल्याच गोळीला रायफल फुटू शकते. सैन्याच्या पुस्तिकांमध्ये हा इशारा म्हणूनच ठळक दिलेला असतो. बोल्ट पुढे ओढलेल्या स्थितीत कॅरियरच्या कडेच्या खाचेत कॅम पिनचे डोके दिसते. ते दिसल्याशिवाय कॅरियर अप्परमध्ये घालू नये.

बोल्ट उघडलाच आहे तर एक्स्ट्रॅक्टरलगतचे दोन दाते आणि कॅम पिनचे छिद्र भिंगातून पाहून घ्यावे, आणि पुढेही प्रत्येक सफाईच्या वेळी हे करत जावे. केसाएवढी रेघ दिसली आणि ती काजळी पुसूनही राहिली, तर तो बोल्ट त्याच दिवशी बाजूला काढावा. नवा बोल्ट घेतल्यावर वर सांगितल्याप्रमाणे गेज लावून पाहावे, आणि कड्या व एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग यांचा एकेक जादा संच सरावाच्या पेटीत ठेवावा.